ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टचं काम: लिमिटेड कंपनी काढायची की अंब्रेलातून जायचं?

शुक्रवारी दुपारी एजन्सीचा फोन येतो. "दिवसाचे साडेचारशे पौंड, सहा महिने, आठवड्यातून दोन दिवस ऑफिस. लिमिटेड की अंब्रेला, सोमवारी सकाळी कळवा." लिमिटेड म्हणजे स्वतःची कंपनी काढून तिच्यातर्फे काम करणं, अंब्रेला म्हणजे तुम्हाला नोकरीवर ठेवून पगार देणारी मधली कंपनी. नोकरी सोडून पहिल्यांदाच कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्याची इथेच गडबड होते. शनिवार-रविवार व्हॉट्सॲपवर चार मित्रांना विचारण्यात जातो. एक सांगतो, "कंपनी काढ, टॅक्स वाचतो." दुसरा म्हणतो, "कशाला ती कटकट, अंब्रेला घे." दोघं आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्यांची परिस्थिती आणि तुमची परिस्थिती वेगळी असते.

मी रेडिंगला राहतो आणि गेली बरीच वर्षं आयटीत कॉन्ट्रॅक्टवर काम करतो. दोन्ही मार्गांनी काम केलं आहे. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात लोक मला एकच प्रश्न विचारतात: "हातात किती टक्के येतात?" टक्का महत्त्वाचा आहेच, पण तो शेवटी बघायचा. आधी तुमचा व्हिसा काय परवानगी देतो ते बघा. मग ते काम कायद्याच्या नजरेत नोकरी आहे की धंदा, ते. त्यानंतर आलेला सगळा पैसा दर महिन्याला घरखर्चाला लागतो की काही मागे ठेवता येतो, ते. या तिन्हींची उत्तरं मिळाली की टक्क्याचं उत्तर जवळजवळ आपोआप येतं.

खालचे सगळे दर २०२६-२७ या करवर्षाचे, म्हणजे ६ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत, आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्यासाठी आहेत. स्कॉटलंडमध्ये पगारावरच्या आयकराचे टप्पे वेगळे आहेत.

पहिली पायरी: व्हिसा

स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर हा लेख सध्या फक्त माहितीसाठी वाचा. तुमचा व्हिसा तुमच्या स्पॉन्सर कंपनीशी आणि त्या कामाशी बांधलेला आहे. नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढून कॉन्ट्रॅक्ट करायची त्यात सोय नाही. "आमची अंब्रेला तुम्हाला स्पॉन्सर करेल" असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा. दुसऱ्याच्या ऑफिसात रोजचं काम करायला माणूस पुरवण्यासाठी स्पॉन्सरशिप वापरणं नियमात बसत नाही. यात जाते ती तुमची इथे राहण्याची वर्षं.

डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदाराला मात्र नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. आपल्याकडच्या किती तरी मुली पुण्याची, नागपूरची चांगली नोकरी सोडून नवऱ्याबरोबर इथे येतात आणि "मला काय मिळणार" म्हणून वर्षभर घरी बसतात. त्यांच्यासाठी कॉन्ट्रॅक्ट हा खुला आणि चांगला रस्ता आहे. ग्रॅज्युएट व्हिसावरही दोन्ही मार्ग चालतात. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालत नाही, म्हणजे लिमिटेड कंपनी नाही. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व असेल तर काहीच अडचण नाही.

दुसरी पायरी: इनसाइड की आउटसाइड

लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आयआर३५ हा नियम एप्रिल २००० पासून आहे. मधे स्वतःची कंपनी ठेवून माणूस प्रत्यक्षात नोकरासारखंच काम करत असेल, तर त्याच्यावर नोकरासारखाच कर लागावा, एवढाच त्याचा अर्थ. काम या नियमात बसलं तर 'इनसाइड', नाही तर 'आउटसाइड'. आधी हे ठरवणं कॉन्ट्रॅक्टरच्याच हातात होतं. एप्रिल २०१७ पासून सरकारी कामांत आणि ६ एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांच्या कामांत ती जबाबदारी क्लायंटवर गेली. त्या सुमारास बऱ्याच बँकांनी आणि विमा कंपन्यांनी धोका नको म्हणून लिमिटेड कंपनीवाले घेणंच बंद केलं. म्हणूनच आज इतक्या जाहिरातींत 'फक्त अंब्रेला' असं लिहिलेलं दिसतं.

तेव्हा एजन्सीला पहिला प्रश्न हा विचारा: "हे काम इनसाइड आहे की आउटसाइड, आणि क्लायंटचं स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट मला मिळेल का?" त्याला सगळे एसडीएस म्हणतात. मध्यम किंवा मोठ्या क्लायंटने ते कारणांसह देणं बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर लेखी हरकत घेता येते आणि क्लायंटने ४५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. एजन्सीच्या माणसाने फोनवर "आउटसाइडच आहे, काळजी करू नका" म्हटलं, तर त्याला काही किंमत नाही. कागद मागा.

क्लायंट छोटा असेल तर निर्णय आणि जबाबदारी दोन्ही तुमच्या कंपनीची. ६ एप्रिल २०२५ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी छोटी कंपनी म्हणजे जिची उलाढाल १.५ कोटी पौंडांपर्यंत, ताळेबंद ७५ लाख पौंडांपर्यंत आणि कर्मचारी ५० पर्यंत, यांपैकी किमान दोन अटी पाळणारी. क्लायंट कोणत्या वर्गात बसतो ते त्याच्याकडून लेखी घ्या.

निर्णय कशावरून होतो? मुख्यतः तीन गोष्टींवरून. काम कसं, कधी, कुठे करायचं हे कोण ठरवतं. तुमच्या जागी तुम्ही दुसरा माणूस पाठवू शकता का. आणि क्लायंटने काम देत राहायचं नि तुम्ही घेत राहायचं असं बंधन दोन्ही बाजूंना आहे का. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा रोज काय घडतं ते पाहिलं जातं. एकदा मला आलेल्या करारात बदली माणसाचं कलम अगदी ठसठशीत होतं, पण पुढच्याच ओळीत "क्लायंटच्या पूर्वसंमतीने, आणि क्लायंट कोणतंही कारण न देता संमती नाकारू शकतो" असं लिहिलं होतं. म्हणजे ते कलम नव्हतंच. मी ते बदलून घेतलं: बदली माणसाकडे लागणारं कौशल्य आणि सुरक्षा तपासणी असेल तर नाकारता येणार नाही, आणि त्याचे पैसे माझी कंपनी देईल. दोन दिवस ईमेल चालले, पण झालं.

रोजच्या वागण्यातही सांभाळावं लागतं. रजा 'मंजूर' करून घ्यायची नाही, कळवायची. टीममधल्या कायम कर्मचाऱ्यांचं मूल्यमापन करायचं नाही. ठरलेल्या कामाबाहेरचं काम आलं तर त्याचा वेगळा कामाचा आराखडा लिहून घ्यायचा. एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, संकेतस्थळावर सेस्ट नावाचं प्रश्नोत्तरांचं साधन आहे. माहिती खरी भरली असेल तर त्याचा निकाल आपण मानू, असं एचएमआरसी म्हणते. निकालाची पीडीएफ तारखेसह जपून ठेवा. शिवाय करार एखाद्या आयआर३५ जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. छोट्या क्लायंटकडे निर्णय चुकला तर थकीत कर तुमच्या कंपनीकडे मागतात, आणि एचएमआरसी साधारणपणे चार वर्षं, निष्काळजीपणा दिसला तर सहा वर्षं मागे जाऊ शकते.

काम इनसाइड निघालं तर अंब्रेला घ्या. इनसाइड कामही लिमिटेडमधून करता येतं, पण पगारासारखा कर आधीच कापून पैसे तुमच्या कंपनीत येतात आणि वर अकाउंटंटची फी तुमच्याच माथी बसते. त्यात काही फायदा नाही.

अंब्रेला म्हणजे नक्की काय, आणि पेस्लिप कशी वाचायची

अंब्रेला कंपनी तुम्हाला नोकरीवर ठेवते. एजन्सी तिला पैसे देते, ती तुम्हाला पगार देते. गैरसमज होतो तो रेटवरून. एजन्सी जो ४५० चा आकडा सांगते तो तुमचा पगार नसतो. त्यातूनच मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्सही (सामाजिक सुरक्षेसाठी पगारावर लागणारी वर्गणी) जातो.

एक आठवडा जवळून पाहू. पाच दिवसांचे २,२५० पौंड अंब्रेलाकडे आले. तिने आपलं मार्जिन, म्हणजे स्वतःची फी, घेतलं, समजा २२ पौंड. बऱ्याच अंब्रेला आठवड्याला १५ ते ३० च्या दरम्यान घेतात. राहिले २,२२८. यातून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, आठवड्याच्या ९६ पौंडांवरच्या रकमेवर १५ टक्के, गेले सुमारे २७७. अप्रेंटिसशिप लेव्ही अर्धा टक्का, सुमारे १०. आता राहिला तुमचा खरा ढोबळ पगार: सुमारे १,९४१. त्यात १,७३२ मूळ पगार आणि २०९ रजेचे पैसे, म्हणजे मूळ पगाराच्या १२.०७ टक्के. त्यावर आयकर सुमारे ५३५ आणि तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे ७७. हातात १,३२९ च्या आसपास. पेन्शन धरलं नाही.

अंब्रेलाची पेस्लिप नेहमी दोन भागांत मागा. वरच्या भागात आलेले २,२५० आणि त्यातली वजावट, खालच्या भागात नेहमीसारखी पेस्लिप. वरचा भाग दाखवायला जी कंपनी टाळाटाळ करते तिच्याकडे जाऊ नका. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या वेळी मला फक्त खालचा भाग मिळत होता. सात महिन्यांनी कळलं की रजेचे पैसे आठवड्याला देण्याऐवजी साठवून ठेवले जात होते. करारात बारीक अक्षरांत अट होती की नोकरी सोडण्यापूर्वी मागितले नाहीत तर ते मिळणार नाहीत. वेळेत कळलं म्हणून मागून घेतले. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा: "रजेचे पैसे दर आठवड्याला देता की साठवता?" दर आठवड्याला मिळत असतील तर ते रजेसाठीच आहेत हे लक्षात ठेवा. डिसेंबरात दोन आठवडे गावी गेलात की त्या दोन आठवड्यांत काहीच येणार नाही.

एजन्सीने काम पक्कं होण्याआधी तुम्हाला की इन्फर्मेशन डॉक्युमेंट द्यायला हवं. एप्रिल २०२० पासून हा नियम आहे. त्यात रेट, वजावटी आणि हातात येणारी अंदाजे रक्कम लिहिलेली असते. हा कागद हातात येईपर्यंत होकार देऊ नका.

सापळ्यांविषयी स्पष्ट लिहितो, कारण त्यात आपली माणसं अडकलेली मी पाहिली आहेत. "हातात ८५ टक्के" असं सांगणारी अंब्रेला तुमचा पगार किमान वेतनाएवढा दाखवते आणि उरलेले पैसे 'कर्ज', 'भत्ता' किंवा 'ॲडव्हान्स' म्हणून देते. हा पगारच आहे आणि त्यावर कर लागतोच. असल्या कर्जांपायी हजारो कॉन्ट्रॅक्टरना पुढे लोन चार्ज नावाच्या कराच्या मोठ्या रकमा भराव्या लागल्या. वर दाखवलेल्या हिशोबात ६० टक्क्यांच्या आसपास येतात. त्यापेक्षा फार जास्त कोणी देतो म्हणाला, तर तो जादाचा पैसा नंतर तुमच्याकडूनच वसूल होणार आहे. एचएमआरसी कर चुकवणाऱ्या योजनांची यादी प्रसिद्ध करते. अंब्रेला निवडण्याआधी त्यात तिचं नाव शोधा, आणि कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक कोण आणि ती किती जुनी आहे तेही बघा. ६ एप्रिल २०२६ पासून अंब्रेलाने पगारातला कर भरला नाही तर तो एजन्सीकडून, एजन्सी नसेल तर क्लायंटकडून वसूल होऊ शकतो. त्यामुळे एजन्सी आता ठरावीक यादीतल्याच अंब्रेला सुचवतात. यादीतली घ्या, पण तपासणी तुमची तुम्ही करा.

तिसरी पायरी: खरा हिशोब

४५० चा रेट, वर्षात २२० दिवस काम. म्हणजे ९९,००० पौंड.

अंब्रेलातून: मार्जिनचे १,००० गेले, ढोबळ पगार सुमारे ८५,५००. आयकर सुमारे २१,६३०, नॅशनल इन्शुरन्स ३,७२०. हातात साधारण ६०,१५०.

लिमिटेडमधून, काम आउटसाइड धरून: अकाउंटंट, विमा, सॉफ्टवेअर वगैरे खर्च ३,०००. स्वतःला पगार १२,५७०, म्हणजे आयकर न लागणाऱ्या मर्यादेएवढा, त्यावर कंपनीचा नॅशनल इन्शुरन्स सुमारे १,१३५. एकट्याच संचालकाच्या कंपनीला एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे या नॅशनल इन्शुरन्समधली सूट, मिळत नाही, म्हणून हा भरावाच लागतो. उरला नफा ८२,२९५. कॉर्पोरेशन टॅक्स (कंपनीच्या नफ्यावरचा कर) ५०,००० पर्यंत १९ टक्के आणि त्यापुढच्या नफ्यावर मार्जिनल रिलीफ नावाची सूट धरून प्रत्यक्षात २६.५ टक्के पडतो, म्हणजे सुमारे १८,०६०. डिव्हिडंड, म्हणजे भागधारक म्हणून नफ्यातून घ्यायचे पैसे, काढायला राहिले ६४,२३५. सगळे काढले तर पहिले ५०० करमुक्त, मूळ टप्प्यात १०.७५ टक्के, वरच्या टप्प्यात ३५.७५ टक्के. डिव्हिडंडवरचा कर सुमारे १३,४९०. हातात ६३,३२०.

फरक वर्षाला सुमारे ३,२०० पौंड, महिन्याला २६५. एवढ्यासाठी कंपनी चालवायची का, हा प्रश्न रास्त आहे. जुने कॉन्ट्रॅक्टर "लिमिटेडमध्ये केवढा फायदा" असं सांगतात ते त्यांच्या काळासाठी खरं होतं. त्यानंतर डिव्हिडंडची सूट ५०० वर आली, कॉर्पोरेशन टॅक्स वाढला, आणि एप्रिल २०२६ ला डिव्हिडंडचे दरही वाढले.

मग लिमिटेडचा फायदा कुठे आहे? सगळे पैसे न काढण्यात. तुमचा घरखर्च वर्षाला ४६,००० मध्ये भागत असेल तर पगाराबरोबर फक्त ३७,७०० डिव्हिडंड घ्या. त्यावर कर सुमारे ४,०००, हातात ४६,२७०, आणि २६,५०० पौंड कंपनीत राहतात. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळायला चार महिने लागले तर त्याच पैशांतून घर चालतं, आणि त्या कमी कमाईच्या वर्षात ते कमी दराने काढता येतात.

दुसरा फायदा जोडीदाराचा. दोघांच्या नावावर कंपनीचे अर्धे-अर्धे साधे शेअर असतील आणि जोडीदाराला दुसरं उत्पन्न नसेल, तर तोच ६४,२३५ चा डिव्हिडंड दोघांत वाटून डिव्हिडंडवरचा एकूण कर सुमारे ५,४५० वर येतो. घरात ७१,३६० येतात. अंब्रेलापेक्षा हे ११,००० नी जास्त आहेत. नवरा-बायकोच्या अशा शेअरांचा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता आणि २००७ मध्ये निकाल करदात्याच्या बाजूने लागला. पण शेअर खरेच त्या व्यक्तीचे हवेत: मतदानाचा हक्क असलेले साधे शेअर, आणि डिव्हिडंड त्यांच्याच खात्यात जायला हवा.

पेन्शनला मात्र लोक लिमिटेडचा फायदा समजतात ते अर्धंच खरं आहे. वरच्या उदाहरणात कंपनीतून २०,००० पेन्शनमध्ये टाकले तर डिव्हिडंड म्हणून हातात आले असते असे सुमारे ९,४५० कमी होतात. अंब्रेलात सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे पगार तेवढा कमी करून कर कापण्याआधीच, तेच २०,००० टाकले, आणि वाचलेला मालकाचा नॅशनल इन्शुरन्सही अंब्रेलाने पेन्शनमध्ये घातला, तर हातातले सुमारे १०,०४० कमी होतात. जवळजवळ सारखंच. म्हणून अंब्रेला निवडताना हा प्रश्न नक्की विचारा: वाचलेला नॅशनल इन्शुरन्स मला पूर्ण देता का?

आयएलआर किंवा नागरिकत्व असलेल्या, लहान मुलांच्या घरांनी आणखी दोन आकडे पाहावेत. ६०,००० पौंडांच्या वर उत्पन्न गेलं की चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, हळूहळू परत द्यावा लागतो आणि ८०,००० ला पूर्ण जातो. १,००,००० च्या वर आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेलं तर पाळणाघराच्या खर्चासाठीची टॅक्स-फ्री चाइल्डकेअर आणि मोफत तासांची सवलत जाते. अंब्रेलात पेन्शन वाढवून उत्पन्न खाली आणता येतं, लिमिटेडमध्ये डिव्हिडंड थांबवून. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई ठेवीचं व्याजही या उत्पन्नात येतं, भारतात ते व्याज करमुक्त असलं तरी. नव्याने आलेल्यांना पहिल्या चार वर्षांसाठी परदेशी उत्पन्नाची वेगळी सवलत आहे, पण ती घेतली तर १२,५७० ची करमुक्त मर्यादा जाते.

तर माझं मत असं. काम इनसाइड असेल तर अंब्रेला. काम आउटसाइड पण फक्त तीन-चार महिन्यांचं, आणि पुढे पुन्हा कायम नोकरीच बघायची असेल, तरी अंब्रेलाच बरी. एजन्सी मान्य करत असेल तर. काम आउटसाइड, दोन-तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टच करायचं ठरलेलं, आणि घर एका पगारावर चालत असेल, तर लिमिटेड काढा आणि नीट चालवा.

बाळाचा विचार असेल तर हे निराळं बघा. अंब्रेलातल्या बाईला सरकारी मातृत्व वेतन मिळतं, पण प्रसूतीच्या अपेक्षित आठवड्याआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत एकाच मालकाकडे सलग २६ आठवडे काम झालेलं हवं. मधेच अंब्रेला बदलली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नव्या एजन्सीने दुसरी अंब्रेला सुचवली तरी या काळात जुनीच मागून घ्या.

लिमिटेड काढायची ठरली तर

कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर नोंदणी दिवसभरात होते. संचालकांना १८ नोव्हेंबर २०२५ पासून ओळख पडताळणी बंधनकारक आहे. पासपोर्ट आणि फोन घेऊन सरकारी ॲपवर ती फुकट होते, आधीच उरकून घ्या. आयटी सल्ल्यासाठी व्यवसायाचा क्रमांक ६२०२० चालतो. नोंदणीचा पत्ता सगळ्या जगाला दिसतो, म्हणून घरचा देण्याऐवजी अकाउंटंटचा पत्ता मिळतो का विचारा. शेअर काढताना जोडीदाराचं पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदलण्यात कागदं वाढतात. आयआर३५ साठी करार तपासणारा अकाउंटंट मिळाला तर उत्तम, पण फार स्वस्तात सगळं करून देतो म्हणणारा नको.

नंतर बँकेत व्यवसायाचं खातं काढा. आपल्यासारख्यांना यात वेळ लागू शकतो, म्हणून काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी अर्ज करा. काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कॉर्पोरेशन टॅक्ससाठी नोंदणी. पगार काढणार म्हणून मालक म्हणूनही नोंदणी. बारा महिन्यांची उलाढाल ९०,००० ओलांडली की व्हॅट नोंदणी आवश्यक. वरच्या उदाहरणात ती लागणारच. २० टक्के व्हॅट बिलात वेगळा दाखवा आणि आलेला व्हॅट दुसऱ्या खात्यात टाका. तो तुमचा पैसा नाही. मी प्रत्येक बिलाचे पैसे आले की त्याच दिवशी व्हॅट आणि अंदाजे कॉर्पोरेशन टॅक्स बचत खात्यात वळवतो. विमा मात्र पहिल्या दिवसाआधी घ्या, एजन्सी प्रमाणपत्र मागतेच.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा. वार्षिक हिशोब आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत कंपनीज हाउसला. एक दिवस उशीर झाला तरी १५० पौंड दंड, आणि तो १,५०० पर्यंत चढतो. कॉर्पोरेशन टॅक्स नऊ महिने आणि एक दिवसाच्या आत भरायचा, विवरणपत्र बारा महिन्यांत. वर्षातून एकदा कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर असल्याचं निवेदन. तिमाहीचा व्हॅट, तिमाही संपल्यावर एक महिना सात दिवसांत. तुमचं आणि शेअर असलेल्या जोडीदाराचं वैयक्तिक विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कंपनीच्या खात्यातून पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, आईबाबांच्या दवाखान्याचे पैसे, भाचीच्या लग्नाचा आहेर असलं काही पाठवू नका. आधी डिव्हिडंड रीतसर काढा, त्याचा ठराव आणि व्हाउचर लिहा, मग स्वतःच्या खात्यातून पाठवा. नाही तर ते संचालकाचं कर्ज ठरतं. वर्ष संपल्यावर नऊ महिन्यांत फेडलं नाही तर कंपनीला त्यावर जबर कर बसतो, आणि रक्कम १०,००० च्या वर गेली तर तुमच्यावरही.

घर घ्यायचं असेल तर आधी गृहकर्ज सल्लागाराशी बोला. बऱ्याच बँका लिमिटेडवाल्यांकडे दोन वर्षांचे हिशोब मागतात. काही बँका मात्र डे रेट गुणिले पाच दिवस, गुणिले ४६ ते ४८ आठवडे असा सरळ हिशोब धरतात. अशा बँकेकडे गेलात तर कंपनीत पैसे मागे ठेवल्यामुळे तुमचं उत्पन्न कमी दिसत नाही.

कंपनी बंद करताना

कायम नोकरी मिळाली किंवा भारतात परत जायचं ठरलं तर कंपनी नुसती सोडून देऊ नका. बाकी पैसे २५,००० पौंडांपेक्षा कमी असतील तर साध्या स्ट्राइक-ऑफने, म्हणजे रजिस्टरमधून नाव काढून, बंद करून ते भांडवली नफा म्हणून घेता येतात. जास्त असतील तर लिक्विडेटरमार्फत बंद करावी लागते. अटी पूर्ण असतील तर त्यावर एप्रिल २०२६ पासून १८ टक्के भांडवली नफा कर. पण पैसे असे काढून दोन वर्षांच्या आत पुन्हा तसाच धंदा सुरू केलात, तर एचएमआरसी ते डिव्हिडंड धरू शकते. म्हणून दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे कंपनी बंद-चालू करू नका. भारतात परतणार असाल तर शेवटचा मोठा डिव्हिडंड कधी घ्यायचा, तिथले रहिवासी होण्याआधी की नंतर, हे दोन्हीकडच्या सल्लागारांना सहा महिने आधी विचारा. विमानाचं तिकीट काढल्यावर विचारून उपयोग होत नाही.

आणि बँकेचं खातं रिकामं केल्याशिवाय स्ट्राइक-ऑफ होऊ देऊ नका. व्हॅटचा परतावा किंवा शेवटच्या बिलाचे पैसे अजून यायचे असतील तर थांबा. कंपनी रजिस्टरमधून निघाली त्या दिवशी खात्यात जे उरलं असेल ते ब्रिटिश राजसत्तेकडे जातं, आणि ते परत मिळवायला कंपनी पुन्हा नोंदवून घ्यावी लागते.